जाहीर, उघड आणि सार्वजनिक : विकेंद्रित संवादजाळी व त्यांतील लेखनाचा यंत्रशिक्षणासाठी उपयोग

‘जाहीर’, ‘उघड’ आणि ‘सार्वजनिक’ हे तीन शब्द वरवर पाहता समानार्थी भासतात. वस्तुतः त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत. ‘जाहीर’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मुळात त्याचा अर्थ ‘दृश्य’ एवढाच असला, तरी जाहीरनामा, जाहीर सभा, जाहिरात या प्रयोगांमुळे त्यास हेतुपूर्वक केलेल्या घोषणेचा अर्थ चिकटला आहे. ‘उघड’ या शब्दात हेतू अभिप्रेत नाही. दार लोटायचे राहून गेले म्हणून आतले दिसले, तरी ते उघडच. ‘सार्वजनिक’ हा संस्कृत घडणीचा शब्द असून पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७० पासून त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यात वस्तूच्या दृश्यतेपेक्षा तिजवरील हक्काचा बोध अधिक आहे. महाडचे चवदार तळे १९२७ च्या पूर्वीही सर्वांच्या दृष्टीस पडत होतेच. ते सार्वजनिक आहे हे पाणी पिऊन सिद्ध करावे लागले.

इंग्रजीत या तिन्ही अर्थांना एकच विशेषण पुरते. संगणकजाळ्यांवर लोकांनी लिहिलेल्या मजकुराचा संग्रह कोणी करावा, तो संशोधकांस खुला असावा काय, आणि त्यावर यंत्रांस भाषा शिकवावी काय, यांविषयी गेली तीस वर्षे जो वाद चालला आहे, त्याचा बराच भाग या एका विशेषणाच्या संदिग्धतेत गुंतलेला आहे. हा वाद नवा समजला जातो. तो तसा नाही, हे त्याच्या इतिहासावरून दिसून येईल.

या इतिहासाचा प्रारंभ अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात होतो. टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या तेथील दोन पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९७९ साली ‘यूझनेट’ची कल्पना मांडली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोव्हिन यांनी तिची पहिली आज्ञावली लिहिली, आणि जानेवारी १९८० मध्ये ही योजना जाहीर करण्यात आली. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणारे आर्पानेट ज्या संस्थांच्या आवाक्याबाहेर होते, त्यांच्यासाठी हे गरिबांचे आर्पानेट होते. त्यास मध्यवर्ती यंत्र नव्हते. एका संगणकाने दुसऱ्यास दूरध्वनीवरून गाठावे, आपल्याकडील नवे लेख त्यास द्यावे, त्याचे आपण घ्यावे, आणि दुसऱ्याने तेच तिसऱ्याशी करावे, अशी ही देवघेव होती. आज ज्यास विकेंद्रित संवादजाळे म्हणतात त्याचे मर्म येथे पूर्णपणे सिद्ध झालेले आढळते : लेख एका ठिकाणी नसतो, त्याच्या प्रती असतात, आणि त्या प्रतींवर मूळ लेखकाची सत्ता चालत नाही.

तथापि या व्यवस्थेत एक नैसर्गिक मर्यादा होती. साठवणुकीची जागा महाग असल्यामुळे प्रत्येक संगणक काही दिवसांनी अथवा आठवड्यांनी जुने लेख पुसून टाकी. लिहिणाऱ्यांची भाषाही या अल्पायुषी माध्यमास साजेशीच झाली. अर्धवट वाक्ये, तात्कालिक संदर्भ, परस्परांची थट्टा, कधी शिवीगाळ. पारावरच्या बोलण्याचे हे लिखित रूप होते. पारावर बोललेले चारचौघांत बोललेले असते, परंतु ते कोणी दप्तरात उतरवून ठेवील अशी अपेक्षा नसते.

दप्तर मात्र ठेवले जात होते. टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील संगणक-व्यवस्थापक हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासून सुमारे दहा वर्षे यूझनेटवरील लेख चुंबकीय फितींवर उतरवून ठेवले. अशा १४१ फिती जमल्या आणि त्यांत सुमारे वीस लक्ष लेख होते. स्पेन्सर यांचा हेतू व्यवहारोपयोगी होता. तांत्रिक प्रश्नांची उत्तरे पुन्हा हाताशी असावीत, एवढाच. १९९५ साली टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे ‘देजा न्यूज’ ही संस्था निघाली व तिने चालू लेखांचा संग्रह करून तो कोणासही शोधता येईल असा मांडला. एखाद्या व्यक्तीचे नाव घातले की तिने निरनिराळ्या गटांत लिहिलेले सारे एका पानावर येऊ लागले. नवे काहीही उघड झाले नव्हते. प्रत्येक लेख पूर्वीही उघडच होता. परंतु विखुरलेले एकत्र आले, आणि एकत्र येण्याने त्याचे स्वरूप पालटले. फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने हा संग्रह विकत घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात स्पेन्सर यांच्या फितींसह वीस वर्षांचे सुमारे सत्तर कोटी लेख लोकांपुढे ठेवले गेले.

देजा न्यूजच्या काळातच पहिला प्रतिकार उद्भवला, आणि भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो मोठा मनोरंजक आहे. लेखाच्या मथळ्यात ‘एक्स-नो-आर्काइव्ह’ अशी एक ओळ घालावी, म्हणजे संग्राहकाने तो लेख साठवू नये, असा संकेत रूढ झाला. ही ओळ वाचकास उद्देशून नव्हती. मनुष्याने मनुष्यासाठी लिहिलेल्या पत्रात यंत्रास उद्देशून घातलेले ते एक निषेधार्थक वाक्य होते. त्याच सुमारास, १९९४ साली, मार्टाइन कोस्टर यांनी संकेतस्थळांसाठी ‘रोबोट्स’ या नावाची फाइल सुचविली. तिच्यात कोणत्या शोधयंत्राने कोठवर यावे हे लिहिलेले असे. दोन्ही उपायांत एकच दोष आहे. ते आज्ञार्थी दिसतात, पण त्यांचे बळ विनंतीचे आहे. शिवाय एक्स-नो-आर्काइव्हची मर्यादा लवकरच ध्यानात आली : आपला लेख वगळला गेला, तरी त्यास उत्तर देणाऱ्याने उद्धृत केलेला भाग त्याच्या लेखाबरोबर संग्रहात जाऊन बसे. संवादातील वाक्य एकट्याचे नसते, ही गोष्ट व्याकरणापेक्षा अभिलेखागाराने अधिक स्पष्ट केली.

भाषेच्या अभ्यासकांस तोवर अशा सामग्रीची सवय नव्हती. ब्राउन विद्यापीठाच्या प्रसिद्ध भाषासंग्रहात १९६१ साली अमेरिकेत छापून प्रसिद्ध झालेल्या मजकुराचे प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे ५०० उतारे आहेत. त्याच धर्तीवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय इंग्रजीचा संग्रह तयार झाला. त्यातील उतारे १९७८ सालच्या मुद्रित साहित्याचे आहेत. हे सर्व लेखन ‘जाहीर’ या शब्दाच्या काटेकोर अर्थाने जाहीर होते. लेखकाने लिहिले, संपादकाने तपासले, मुद्रकाने छापले; प्रत्येक पायरीवर प्रसिद्धीचा हेतू होता. याउलट नव्वदीच्या दशकाच्या मध्यास यूझनेटवरील वीस गटांतून सुमारे वीस हजार लेखांचा एक संच निघाला व मजकुराचे वर्गीकरण यंत्रास शिकविण्यासाठी जगभर वापरला जाऊ लागला. विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. पुढे असे आढळले की यंत्रे विषय ओळखतात ती पुष्कळदा आशयावरून नव्हे, तर लेखकांची नावे, त्यांचे ई-मेल पत्ते व संस्था यांवरून. म्हणून हे भाग गाळण्याची सोय आज्ञावलीत करावी लागली. ती अचूकतेसाठी होती. ज्यांची नावे होती त्यांचा विचार त्या सोयीमागे प्रामुख्याने नव्हता, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

मधल्या काळाची कथा सर्वपरिचित आहे. संवाद मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती यंत्रांवर गेला. संशोधकांना काही वर्षे तेथील दारे बरीच खुली होती. २०१९ साली ओपनएआय संस्थेने जीपीटी-२ हे भाषा-प्रतिमान घडविले, तेव्हा रेडिट या संवादस्थळावर किमान तीन पसंतीगुण मिळालेल्या दुव्यांवरील सुमारे ऐंशी लक्ष पाने त्यास वाचावयास दिली होती; म्हणजे लोकांच्या सहज दर्शविलेल्या आवडीनिवडी येथे चाळणीच्या कामी आल्या. अशा मजकुराचे मोल कळताच दारे मिटू लागली. ट्विटरने २०२३ च्या पूर्वार्धात विनामूल्य प्रवेश बंद केला, संशोधकांसाठी असलेली सवलतही त्यात गेली. रेडिटने त्याच वर्षी शुल्क लावले, जूनमध्ये हजारो गटांनी निषेधार्थ आपली पाने बंद ठेवली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलशी करार झाला; वृत्तपत्रांत त्याची रक्कम वर्षाला सहा कोटी डॉलर अशी आली. लिहिणारे विनामूल्य लिहीत होते, हे सांगावयास नकोच.

विकेंद्रित जाळ्यांकडे लोक वळले ते या पार्श्वभूमीवर. जर्मनीतील ऑयगेन रोच्को यांनी २०१६ साली ‘मॅस्टोडॉन’ प्रसिद्ध केले. यात अनेक स्वतंत्र सर्व्हर असतात. प्रत्येकाचा चालक निराळा, नियम निराळे. आणि ते परस्परांशी ‘ॲक्टिव्हिटीपब’ या संकेताने बोलतात, ज्यास जानेवारी २०१८ मध्ये जागतिक जाल-मानक संस्थेची मान्यता मिळाली. भारतात या नावाचा प्रथम बोलबाला झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातील एका ज्येष्ठ वकिलांचे ट्विटर खाते बंद करण्यात आल्यावर हजारो भारतीय तेथे गेले. त्यांपैकी कित्येक परतलेही; पण तो विषय वेगळा.

मॅस्टोडॉनवरील लेखक आपल्या मजकुरावर, हवे असल्यास, आधी एक इशारा घालू शकतो : पुढे मृत्यूचा उल्लेख आहे, राजकारण आहे, कादंबरीचा शेवट उघड केला आहे, इत्यादी. वाचकाने इशारा वाचून मग मजकूर उघडावा. ही एक सौजन्याची रीत होती आणि निरनिराळ्या सर्व्हरांवर तिचे निरनिराळे शिष्टाचार बनले होते. मिलान विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ साली या इशाऱ्यांचा आधार घेऊन पन्नास लक्षांहून अधिक पोस्टींचा एक संच प्रसिद्ध केला. इंग्रजी चालणाऱ्या सर्व्हरांच्या खुल्या प्रवाहांतून तो गोळा केलेला होता. ज्या पोस्टीवर लेखकाने इशारा घातला ती ‘अनुचित’, ज्यावर घातला नाही ती उचित, अशी खूण प्रत्येकीस लावली होती. उद्देश हा की अनुचित मजकूर ओळखण्यास यंत्रांस शिकवावे, आणि त्यासाठी कंपन्यांच्या बंद पेट्यांवर अवलंबून राहावे लागू नये. उद्देशात वाईट काही नव्हते. किंबहुना कंपन्या आपली सामग्री दाखवीत नाहीत ही संशोधकांची तक्रार रास्त होती.

चूक होती ती अर्थनिर्णयात. ‘पुढे आजारपणाविषयी लिहिले आहे’ हे वाक्य वाचकाविषयीच्या काळजीतून आलेले असते. लेखक आपले लेखन अनुचित आहे अशी कबुली देत नाही. उलट ते कोणी, केव्हा वाचावे याची तजवीज करतो. संचात ती तजवीज कबुलीजबाब बनली. भाषाव्यवहारात उक्तीचा अर्थ तिच्या प्रसंगाशी बांधलेला असतो, हा भाषाशास्त्राचा प्राथमिक पाठ. प्रसंग गाळून केवळ शब्द उचलले की खूण उलटी पडते. जानेवारी २०२० मध्ये मॅस्टोडॉनच्या सभासदांनी एक खुले पत्र प्रसिद्ध केले. सर्व्हरांच्या नियमांकडे व तेथील समाजाच्या अपेक्षांकडे दुर्लक्ष झाले, आणि व्यक्तींची ओळख पुरेशी झाकली गेली नाही, असे त्यातील आक्षेपांचे सार होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या विदागारातून तो संच काढून घेण्यात आला. ओळख झाकण्याच्या प्रश्नावर येथे एवढेच म्हणता येईल की, ज्या लेखनाची मूळ प्रत उघड असते तेथे नाव खोडून फारसे साधत नाही. वाक्य जसेच्या तसे शोधले की नाव पुन्हा सापडते.

या प्रसंगाने त्या समाजाची वृत्ती अधिक कडक झाली. मॅस्टोडॉनवर संपूर्ण मजकुराचा शोध घेण्याची सोय सप्टेंबर २०२३ पर्यंत सर्वसाधारणपणे नव्हती; ती आली तेव्हाही ज्याने स्वतः होकार दिला त्याचेच लेखन शोधात यावे, अशी अट राहिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॅस्टोडॉन व ‘ब्लूस्काय’ यांच्यात पूल बांधण्याची एक योजना पुढे आली. ज्यास नको त्याने नकार कळवावा, असे तिचे मूळ स्वरूप होते. त्यावर एवढे काहूर उठले की ज्यास हवे त्याने होकार द्यावा, असा बदल करावा लागला. नकाराचा अभाव म्हणजे होकार, की होकाराचा अभाव म्हणजे नकार? हा प्रश्न व्यवहारात किती तीव्र होऊ शकतो, हे यावरून ध्यानात येते.

ब्लूस्कायची घडण निराळी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ट्विटरनेच तिची कल्पना जाहीर केली. पुढे ती स्वतंत्र कंपनी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे दार निमंत्रणावाचून सर्वांस उघडले. तिच्या ‘एटी’ संकेतानुसार प्रत्येकाचे लेखन त्याच्या स्वतःच्या भांडारात राहते व तेथून सर्वांचे लेखन एका अखंड प्रवाहात वाहते. या प्रवाहास अग्निशामक बंबाच्या नळीचे नाव आहे. ती कोणीही लावावी, परवानगीची गरज नाही. याच उघडेपणामुळे एखाद्याने कंपनी सोडली तरी त्याचे लेखन व अनुयायी त्याच्याबरोबर जाऊ शकतात, बाहेरच्या व्यक्तीस नवे वाचनसाधन बनविता येते, आणि संशोधकास ट्विटरने हिरावलेले परत मिळते. ज्या गुणासाठी लोक येथे आले तोच गुण पुढील वादाचे कारण झाला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील निवडणुकीनंतर येथील सभासदसंख्या दोन कोटींच्या वर गेली. त्यांत चित्रकार, लेखक असे पुष्कळजण होते, जे आपले काम यंत्रशिक्षणास वापरले जाऊ नये म्हणून जुनी जागा सोडून आले होते. त्याच महिन्याच्या मध्यास कंपनीने सभासदांच्या लेखनावर आपण सर्जक कृत्रिम बुद्धिमत्ता घडवीत नाही व घडविण्याचा हेतूही नाही, असे सांगितले. हे विधान खरे होते, परंतु ते कंपनीपुरते होते. काही दिवसांतच ‘हगिंग फेस’ या यंत्रशिक्षण-भांडारावर तेथील एका कर्मचाऱ्याने प्रवाहातून घेतलेल्या दहा लक्ष पोस्टींचा संच मांडला. संताप एवढा उसळला की त्याने तो लगेच मागे घेऊन क्षमा मागितली. तदनंतर इतरांनी त्याहून मोठे संच मांडले, काहींनी तर निव्वळ खोडसाळपणाने.

या संचांविषयीच्या चर्चेत एक तांत्रिक बाब मागे पडली. ब्लूस्कायवर कोणी आपली पोस्ट पुसली, तर ‘पुसली’ ही वार्ताही त्याच प्रवाहातून सर्वत्र जाते, आणि प्रामाणिक वाचनसाधन त्यानुसार आपली प्रत पुसते. प्रवाहाशी जोडलेला राहणारा या अर्थाने लेखकाशी जोडलेला राहतो. भरून बाजूस ठेवलेल्या संचाचे कान मात्र बंद असतात. लेखकाने शब्द मागे घेतला तरी तो तेथे कायम; आणि त्या संचावर शिकलेल्या प्रतिमानातून एखादे वाक्य निवडून काढणे तर आज जवळजवळ अशक्यच. तेव्हा भेद करावयाचा तर तो वाचणारा मनुष्य की यंत्र, एवढाच करून भागत नाही. घेणारा पुढे ऐकत राहतो की नाही, हा भेद अधिक महत्त्वाचा वाटतो.

मार्च २०२५ मध्ये ब्लूस्कायने एक प्रस्ताव मांडला. सर्जक कृत्रिम बुद्धिमत्ता, अन्य जाळ्यांशी जोडणारे पूल, घाऊक विदासंच आणि जालाचे अभिलेखन या चार उपयोगांपैकी कोणत्यास आपली संमती आहे, हे सभासदाने आपल्या खात्यावर नोंदवावे आणि घेणाऱ्याने त्या नोंदीचा मान ठेवावा, असा त्याचा आशय आहे. तीस वर्षांपूर्वीच्या एक्स-नो-आर्काइव्हचे हे सुविहित रूप होय. त्याचे बळही विनंतीचेच. मॅस्टोडॉनच्या चालकांनी दुसरा मार्ग घेतला. आपल्या मुख्य सर्व्हरच्या अटींत भाषा-प्रतिमानांच्या शिक्षणासाठी मजकूर उचलण्यास मनाई करण्याचे त्यांनी २०२५ साली जाहीर केले. अशी मनाई त्या एका सर्व्हरपुरतीच असते. तेथील लेखाच्या प्रती ज्या शेकडो सर्व्हरांवर जातात, त्यांच्या अटी ज्याच्या त्याच्या.

मराठीचा या प्रकरणाशी संबंध दोन बाजूंनी येतो. पुण्यातील ‘एल३क्यूब’ या अभ्यासगटाने २०२१ साली सुमारे सोळा हजार मराठी ट्वीटांचा एक संच तयार केला. प्रत्येक ट्वीट अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, याची खूण माणसांकडून लावून घेतली. ही ट्वीटे महाराष्ट्रातील नामवंत व्यक्तींच्या खात्यांवरून निवडलेली होती, म्हणजे बव्हंशी ‘जाहीर’ या सदरात मोडणारी. मराठीत भावनिर्णयाच्या अभ्यासास अशी सामग्री जवळपास नव्हतीच. पुढील वर्षी याच गटाने सुमारे अडीच कोटी वाक्यांचा सर्वसाधारण संग्रहही खुला केला. २०२३ नंतर असा ट्वीटसंच विनामूल्य प्रवेशाने तयार करता आला नसता. दार बंद झाले ते सर्वांना सारखे बंद झाले नाही. ज्यास कोट्यवधी डॉलर मोजता येतात तो आत गेला. बाहेर राहिला तो पुण्या-कोल्हापुरातील विद्यार्थी. इंग्रजीत लिहिणाऱ्या सभासदास आपले वाक्य यंत्राने घेऊ नये असे वाटते तेव्हा त्याच्या भाषेची काही हानी होत नाही. मराठीचे लिखित बोलभाषेचे नमुने इतके थोडे उपलब्ध आहेत की, येथे प्रत्येक नकाराची किंमत भाषेस पडते. पण ही अडचण सांगून नकाराचा अधिकारच नाकारणे म्हणजे भाषेच्या नावाने भाषिकास वगळणे होय. बोलीच्या अभ्यासासाठी खेड्यात जाणारा क्षेत्रकार्यकर्ता निवेदकास आधी विचारतो. पन्नास लक्ष निवेदकांस विचारणे अवघड आहे, म्हणून विचारण्याची रीतच रद्द ठरत नाही.

कायद्याची स्थिती अद्याप घडणीत आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने हक्कधारकास यंत्रवाच्य नकार नोंदविण्याची मुभा दिली आहे. भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा विषय वृत्तमजकुरावरील स्वामित्वहक्क हा आहे. सामान्य सभासदाच्या दृष्टीने अधिक निकटचा तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, ज्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार व्यक्तीने स्वतःच लोकांस उपलब्ध करून दिलेल्या वैयक्तिक माहितीस हा अधिनियम लागू होत नाही. कलमास एक उदाहरण जोडलेले आहे : एखादी व्यक्ती आपली मते मांडीत असता समाजमाध्यमावर आपली वैयक्तिक माहिती स्वतः उघड करते, अशा वेळी अधिनियमाचे संरक्षण तिला मिळणार नाही. ती माहिती तिने घोषणा म्हणून दिली, की चार परिचितांशी बोलताना ती उघडी राहिली, हा भेद त्या उदाहरणात केलेला नाही. आणि तिने पुढे ती पुसून टाकली तर पूर्वी उचललेल्या प्रतींचे काय, याचाही निर्देश त्यात नाही.